दोन घरांचा होकार

गळ्याकडे बघून बोलणाऱ्या माणसांचा मला वीट आलाय. माणूस समोर येतो, नमस्कार करतो, तोंडाकडे बघतो आणि तिसऱ्या वाक्याला त्याची नजर हनुवटीखाली घसरते, ती तिथंच मुक्कामाला. मग आवाज बारीक करून विचारतो, "मॅडम, थायरॉईड का?" जसं काही शोध त्यानंच लावला! औशाजवळच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेची शाळा आहे, तिची मी मुख्याध्यापिका. घर लातूरला. आम्ही पाच जणी रोज एकाच गाडीनं जाऊन-येऊन करतो, आणि बाकीच्या चौघींकडं माझ्या गळ्यावर औषध आहे. एक म्हणते, रात्री धने भिजत घाला आणि सकाळी ते पाणी प्या. दुसरी म्हणते, कोबी दारातसुद्धा आणू नका. तिसरी चालत्या गाडीत प्राणायाम शिकवते. चौथीनं कुठल्याशा देवस्थानाचा काळा दोरा आणून दिला. तो मी पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकला आणि चेन लावून टाकली.

गाठ पहिल्यांदा दिसली ती फोटोवाल्याला. शाळेच्या ओळखपत्रासाठी फोटो काढायला गेले होते. तो सारखा म्हणत होता, "मॅडम, मान जरा सरळ करा." मान सरळच होती. गळ्याची डावी बाजू लिंबाएवढी पुढं आली होती, आणि रोज आरशात बघूनही ती मला दिसली नव्हती. घरी आल्यावर ह्यांना म्हटलं, "बघा हो, काही दिसतंय का?" आमचे हे ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवतात. त्यांनी चष्मा लावला, चष्मा काढला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "असंच असतं की तुझं."

असंच असतं म्हणता म्हणता ती वाढली. डावीकडून उजवीकडं गेली. छोटं मंगळसूत्र काचायला लागलं, म्हणून ते ठेवून दिलं आणि लांब घातलं. भाकरीचा कोरडा घास अडकायला लागला, म्हणून प्रत्येक घासाला वरण घ्यायची सवय लागली. परिपाठाला प्रतिज्ञा म्हणताना मधेच खोकला यायचा. आडवं झोपलं की कुणीतरी गळ्यावर हात ठेवून बसलंय असं व्हायचं, मग दोन उशा, मग तीन उशा, शेवटी भिंतीला टेकून. हे सगळं एका दिवसात होत नाही हो. रोज थोडं थोडं होतं आणि माणूस रोज थोडं थोडं सोसून घेतो. त्या सोसण्याचं लोकांना लई कौतुक. "मॅडम, तुमची सहनशक्ती मानली पाहिजे." अरे, सहनशक्ती कसली, मला काय दुसरा गळा आहे का?

दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघं लातुरातल्या एका सर्जनकडे गेलो. साठीकडे झुकलेले, कमी बोलणारे आणि बोलले तर स्पष्ट बोलणारे डॉक्टर. सोनोग्राफी झाली, रक्त झालं, गळ्यात सुई घालून तपासणी झाली. रिपोर्ट हातात घेऊन ते म्हणाले, "बाई, कॅन्सर नाही. रक्तातलं थायरॉईडचं प्रमाणही बरोबर आहे. पण गाठी एक नाही, बऱ्याच आहेत, वाढून राहिल्यात आणि श्वासनळी एका बाजूला सरकवून राहिल्यात. गोळीनं हे जाणार नाही. काढून टाका."

मी विचारलं, "धोका काय?"

"आवाजाची नस जवळून जाते. तिला लागलं तर आवाज बसतो. बहुतेकांचा परत येतो, थोड्यांचा येत नाही. कॅल्शियम काही दिवस खाली जातं. पूर्ण ग्रंथी काढली तर रोज सकाळी एक गोळी, आयुष्यभर."

ह्यांनी सगळं डायरीत लिहून घेतलं, एक, दोन, तीन असे आकडे घालून. मी मनातून तयार झाले होते. आवाजाची भीती वाटली, खोटं कशाला बोलू. माझी सगळी नोकरी आवाजावर चालते. पण त्याहून जास्त भीती मला त्या भिंतीला टेकून झोपण्याची वाटत होती. मी "कधी करायचं?" असं विचारायला तोंड उघडलं तेवढ्यात हे म्हणाले, "घरी विचारून सांगतो, डॉक्टर."

घरी कोणाला विचारणार? घरी आम्ही दोघंच. मुलगा हैदराबादला नोकरीला. सासू-सासरे केव्हाच गेले. पण बाहेर पडल्यावर गाडीची किल्ली खिशात चाचपत हे म्हणाले, "आण्णा एकदा हो म्हणू देत. मग लगेच करून टाकू."

आण्णा म्हणजे माझे मोठे भाऊ. नांदेडला असतात, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत. वडील गेल्यावर माझं लग्न त्यांनीच लावून दिलं. आता माझ्या गळ्याच्या ऑपरेशनला त्यांचा होकार कशाला, असं वाचणाऱ्याला वाटेल. आमच्या सासरच्या घरात ती एक रीत होऊन बसली होती आणि त्या रीतीमागं एक मरण होतं.

ह्यांच्या मोठ्या भावाची बायको, माझ्या थोरल्या जाऊबाई, वीस-एक वर्षांपूर्वी पिशवीच्या ऑपरेशनला गेल्या. मोठ्या भावजींनी एकट्यानं कागदावर सही केली. जाऊबाई भुलीतून उठल्याच नाहीत. निलंग्याकडून त्यांच्या माहेरची माणसं जीप करून आली, आणि मयतीच्या घरात, सगळ्यांसमोर, त्यांचे वडील भावजींना म्हणाले, "आमची लेक आम्हाला न विचारता कापली तुम्ही." भावजींनी ते शब्द आयुष्यभर अंगावर वागवले. निलंग्याचं कुणी पुन्हा त्यांच्या घरचं पाणी प्यायलं नाही. आमचे हे तेव्हा पस्तिशीचे, भावाच्या शेजारी उभे होते. त्या दिवसापासून आमच्यात ठरूनच गेलं की घरच्या सुनेच्या अंगाला चाकू लावायचा तर तिच्या माहेरचा माणूस दवाखान्याच्या व्हरांड्यात उभा पाहिजे आणि त्यानं तोंडानं "करा" म्हटलं पाहिजे. कुणी लिहून ठेवलं नव्हतं, पण सगळे पाळत होते. मीही पाळत होते. मला ते चुकीचं वाटलं नव्हतं, हे आता सांगायला लाज वाटते.

तर त्या दिवाळीत भाऊबीजेला मी फाईल घेऊन नांदेडला गेले. साडीच्या दुकानाच्या कापडी पिशवीत फाईल, एसटीनं अहमदपूर, लोहा करत करत. ओवाळून झालं, जेवणं झाली, आण्णा पान लावायला बसले तेव्हा मी विषय काढला. आण्णांनी सुपारी कातरता कातरता सगळं ऐकलं. मग म्हणाले, "आईला बी होतं की असंच. ऐंशी वर्षं जगली."

"आण्णा, आई शेवटची पाच वर्षं खुर्चीत बसून झोपली."

"हाव, ते खरं हाय." त्यांनी पान दुमडलं. "इथं एक ओळखीचे डॉक्टर हायेत. त्यांना एकदा दाखवू."

दाखवलं. नांदेडचे डॉक्टर लातूरच्या डॉक्टरांपेक्षा वीस वर्षांनी तरुण, पण शब्दाला शब्द तोच. काढून टाका. मला हायसं वाटलं. आण्णांना म्हटलं, "ऐकलंत ना? मग तेवढं हो म्हणा. हे तुमच्यासाठी थांबलेत."

आण्णा माझ्याकडं बघून राहिले आणि कानाच्या पाळीला हात लावत म्हणाले, "बघ माय, मी काय म्हणून राहिलो, मुलगी एकदा दिली की ती त्यांच्या घरची. मी कोण कापा म्हणणारा? उद्या काही कमी-जास्त झालं तर लोक म्हणतील भावानं भरीला घातलं. दाजी म्हणतील तसं. माझी ना न्हाई."

"तुमची हो आहे का?"

"माझी ना न्हाई," आण्णा पुन्हा म्हणाले.

लातूरला येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "म्हणजे हो म्हणाले का?"

"ना नाही म्हणाले."

"मग हो कुठं म्हणाले?" ह्यांनी असं विचारलं जसं फळ्यावरच्या गणितात पोरानं एक पायरी गाळलीय. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

अशी ती टोलवाटोलवी सुरू झाली. मी म्हणजे दोन घरांमधली टपालबाई. फोनवर आण्णा ह्यांना म्हणायचे, "दाजी, तुम्ही म्हणाल तसं." हे म्हणायचे, "नाही आण्णा, तुम्ही मोठे, तुम्ही म्हणाल तसं." दोघंही एकमेकांचा इतका मान ठेवायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, काय गोड नातं आहे! आणि फोन ठेवून हे माझ्यासाठी गरम पाणी आणायचे. हो, तेही सांगितलं पाहिजे. माणूस वाईट नाही. माझ्यासाठी तांदूळ मऊ शिजवायचे, उशा लावून द्यायचे, भाजीत तिखट कमी घालायचे, रात्री मी खोकले की उठून बसायचे. सगळं करायचे. एक शब्द सोडून सगळं. कधी कधी वाटायचं, ह्यांनी गरम पाणी आणलं नसतं तर निदान मला धड भांडता तरी आलं असतं.

मुलाला फोन केला. म्हटलं, हा शिकलेला आहे, हा तरी बोलेल. तो म्हणाला, "मम्मी, पप्पा आणि मामा एकदा समोरासमोर बसू देत ना. फोनवर अशा गोष्टी ठरत नाहीत."

मला पटलं. समोरासमोर बसायची वेळही आली. गेल्या वर्षी नांदेडला आमच्या चुलतभावाच्या मुलाचा साखरपुडा होता. मंगल कार्यालयात गेल्या गेल्या मी दोघांना शेजारी शेजारी खुर्च्यांवर बसवलं, चहा पाठवला आणि बायकांच्या बाजूला जाऊन बसले. तिथून सगळं दिसत होतं. दोघं बोलत होते. चांगला पाऊण तास बोलले. आण्णांनी ह्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. ह्यांनी मान हलवली. मग दोघं उठले, आण्णांनी ह्यांचा हात हातात घेतला, दोघांच्या चेहऱ्यावर काहीतरी जड खाली ठेवल्यासारखं समाधान. माझ्या शेजारी बसलेल्या वहिनी माझा हात दाबून म्हणाल्या, "झालं बघा तुमचं." माझे डोळे भरून आले. मी मनातल्या मनात शाळेचा चार्ज कुणाकडं द्यायचा तेही ठरवून टाकलं.

परतीच्या वाटेवर गाडीत मी विचारलं, "काय म्हणाले आण्णा?"

"विषय निघाला होता."

"मग?"

"ते म्हणाले, दाजी, तुम्ही म्हणाल तसं. मी म्हटलं, आण्णा, तुम्ही म्हणाल तसं."

"मग?"

"मग पंगत बसली."

"आणि पाऊण तास काय बोलत होता?"

ह्यांनी गिअर बदलला. "सोयाबीनला यलो मोझॅक आलाय ना तिकडं. ते सांगत होते."

मी लातूर येईपर्यंत बोलले नाही. बोलले असते तर शिव्या निघाल्या असत्या, आणि मुख्याध्यापिकेच्या तोंडात त्या शोभत नाहीत म्हणून नव्हे, तर गाडी हे चालवत होते म्हणून गप्प बसले. घरात पाय टाकल्या टाकल्या मात्र बांध फुटला. मी म्हटलं, "माझी गाठ तुम्हा दोघांच्या मानपानात कुजून राहिली. उद्या मी मेले तर मला जाळायला कुणाला विचारणार? आण्णा तिथंही म्हणतील, दाजी म्हणतील तसं!"

ह्यांची चप्पल काढायचीही राहून गेली. म्हणाले, "असं बोलू नकोस."

"मग तुम्ही बोला! तुम्ही बोलत नाही म्हणून मी बोलते."

"तू दादाला बघितलं नाहीस," हे म्हणाले. "त्या दिवशी तू बायकांत होतीस. दादा कागद हातात घेऊन उभा होता, तो सहीचा कागद. सासऱ्याला दाखवत होता, बघा, डॉक्टरांनीच सांगितलं होतं. कुणी कागद बघितला नाही." आणि जिना चढून गच्चीवर गेले ते जेवायलाच खाली आले. मला ह्यांची दया आली आणि त्या दयेचाही राग आला. माझा गळा, माझा श्वास, आणि सांभाळायचं मी ह्यांना? त्या दिवसानंतर काही महिने मी विषयच काढला नाही. मला वाटलं, आपण रुसलो की हे विरघळतील. कसलं विरघळतात! मी विषय काढत नाही म्हणजे मला आता बरं वाटतंय, असं त्यांनी आण्णांना कळवून टाकलं.

या उन्हाळ्यात एके दिवशी सकाळी गच्चीवर साड्या वाळत घालत होते. दोन्ही हात वर केले, साडी तारेवर टाकली, टोकं जुळवली आणि एकदम डोकं भरून आलं. कानात घूं घूं. शेजारच्या गच्चीवरच्या बाई ओरडल्या, "वैनी! तोंड बघा तुमचं, जांभळं पडलंय!" मी हात खाली घेतले. हळूहळू बरं वाटलं. पुन्हा वर केले, पुन्हा तेच. शाळेत फळ्याच्या वरच्या ओळीला खडू लावला की मला असंच व्हायचं, आणि मी ते उन्हावर ढकलत होते.

आम्ही पुन्हा त्याच डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी ओळखलं. म्हणाले, "हात डोक्यावर धरा, मी सांगेपर्यंत खाली घेऊ नका." एक मिनिटही झालं नसेल, त्यांनी स्वतःच माझे हात धरून खाली घेतले. सीटी स्कॅन काढायला लावला. दुसऱ्या दिवशी फिल्म काचेवर लावून बघत राहिले आणि आमच्याकडं पाठ ठेवूनच विचारलं, "दोन वर्षं कुठं होता तुम्ही?"

मीच म्हटलं, "घरात ठरत नव्हतं."

"काय ठरत नव्हतं?"

"सही कुणी करायची ते. ह्यांना माझ्या भावाचा होकार पाहिजे, भावाला ह्यांचा. दोघांपैकी एकाची तरी सही झाल्याशिवाय..."

डॉक्टर वळले. चष्मा कपाळावर नेला. "पेशंट कोण आहे?"

"मी."

"वय?"

"सत्तेचाळीस."

"लिहिता-वाचता येतं?"

मला राग आला. "मी मुख्याध्यापिका आहे."

"मग सही तुमची. ऑपरेशनला संमती पेशंटची लागते, बाई. शुद्धीवर आहे, सज्ञान आहे, कळतंय, बस्स. नातेवाईक साक्षीदार म्हणून सही करतो. साक्षीदार कुणीही चालतो, तुमच्या शाळेतल्या मॅडमसुद्धा चालतील."

मी ह्यांच्याकडं बघितलं, ह्यांनी माझ्याकडं. "म्हणजे माझी सही..." ह्यांनी सुरुवात केली.

"साक्षीला," डॉक्टर म्हणाले.

मला आधी डॉक्टरांचाच राग आला. दोन वर्षांपूर्वी सांगायला काय झालं होतं? पण मी विचारलं कुठं होतं! ह्यांनी "घरी विचारून सांगतो" म्हटलं आणि मी पर्स उचलली होती. मी, जी रोज पोरांचे दाखले, बोनाफाईड, बदलीचे अर्ज, काय काय म्हणून सह्या करते. माझ्या सहीवर लेकरं दुसऱ्या गावच्या शाळेत बसतात. आणि खरं सांगायचं तर याच सहीवाल्या बाईनं सहलीच्या संमतीपत्रावर आईची सही आणणाऱ्या पोरींना किती वेळा परत पाठवलंय! "वडिलांची आण गं, आईची चालत नाही." कुणी सांगितलं होतं मला, चालत नाही म्हणून? कुठल्या परिपत्रकात होतं? कुठंच नव्हतं. आमच्या घरच्यासारखंच, नुसतं चालत आलेलं. आण्णांना मी दोन वर्षं बोल लावला, ह्यांना बोल लावला, आणि त्याच रांगेत मीही उभी होते, हातात फाईल धरून.

डॉक्टरांनी छापील संमतीपत्र पुढं सरकवलं. खाली थोडी मोकळी जागा होती, तिथं त्यांनी पेननं एक ओळ लिहिली. हे तेवढ्यात उठले. "आण्णांना एक फोन करून येतो," म्हणाले, आणि आत्ताच काय ऐकलंय ते कानांत शिरलंच नाही असे व्हरांड्यात गेले. सवय, दुसरं काय.

मी कागद वाचायला घेतला. आवाजाच्या नसेला इजा होऊ शकते. कॅल्शियम कमी होऊ शकतं. रक्तस्राव होऊ शकतो. आयुष्यभर गोळी. हे सगळं मला पाठ होतं. मग ती हातानं लिहिलेली ओळ आली: गाठ छातीच्या हाडामागं उतरलेली असल्यानं गरज पडल्यास छातीचं हाड उघडावं लागेल, याची कल्पना दिली आहे.

मी ती दोनदा वाचली. विचारलं, "हे सगळ्यांच्याच कागदावर लिहिता का?"

"नाही. गाठ खाली गेली असेल त्यांच्याच. बहुतेक वेळा वरूनच निघते, घाबरू नका. पण लिहावं लागतं. गुरुवारी करू, छातीचे सर्जन त्या दिवशी थांबवून ठेवू."

"मागच्या वेळी माझी..."

"वरच होती," ते म्हणाले आणि दुसऱ्या पेशंटची फाईल उघडली.

हे फोन कानाला लावूनच आत आले. चेहऱ्यावर तीच ओशाळी आशा. "आण्णा म्हणतात, दाजी म्हणतील तसं."

मी हात पुढं केला आणि फोन घेतला. "आण्णा, मी बोलते. मी विचारत नाही, सांगते. गुरुवारी ऑपरेशन आहे. सही मीच करून राहिले. यायचं असलं तर या, नाही जमलं तर नका येऊ."

पलीकडं अडकित्ता खाली ठेवल्याचं ऐकू आलं. मग आण्णांचा आवाज आला, एकदम म्हाताऱ्या माणसाचा. "माय, मी नको म्हणत नव्हतो गं. मला हो म्हणायची हिंमत न्हाई झाली."

रागात म्हणायचं होतं की तुमची हिंमत मला पाहिजेच नव्हती, पण ते राहू दिलं. मी फोन ह्यांच्या हातात दिला आणि पेन उघडलं. पूर्ण नाव लिहिलं, खाली सही केली. शाळेत करते तशी, एका दमात.

मग साक्षीदाराची जागा दाखवून कागद ह्यांच्यापुढं ठेवला. आमच्या ह्यांना न वाचता सही करता येत नाही. वरून सुरुवात केली, बोट ओळीखाली फिरवत, एकेक कलम वाचत खाली आले. हातानं लिहिलेल्या ओळीपाशी बोट थांबलं.

"हे छातीचं काय आहे?" त्यांनी विचारलं. "मी डायरीत सगळं लिहून घेतलं होतं. हे त्यात नाही."

"तेव्हा नव्हतंच," मी म्हटलं.

त्यांनी पेन हातात घेतलं होतं. ते तसंच धरून ते त्या ओळीकडं बघत बसले.